गेलेले पैसे आणि प्रारब्ध



गेल्या पंधरवड्यात एका भगिनीनं आम्हाला विचारलं, "ऑनलाइन खरेदीत डेबिट कार्डावरून पैसे गेले, तर तक्रार करत बसावं की प्रारब्ध समजून सोडून द्यावं?" आम्ही चौघं पत्रिका जुळवायला बसलो होतो, ती संध्याकाळ याच प्रश्नावर गेली. एक दादा म्हणाले, सोडून द्यावं, पैसा कुणाचा राहिलाय? त्यावर ताई म्हणाल्या, "दादा, तुमचे गेले असते म्हणजे?" हसलो सगळे, पण उत्तर काही मिळालं नाही.

प्रश्नामागची हकीकत त्यांच्याच परवानगीनं, नाव न घेता सांगतो. या भगिनी इंदूरच्या, साठीच्या पुढच्या. त्यांच्या एका ग्रुपवर लिंक आली, महेश्वरी साडी 799 रुपयांत. महेश्वर काही लांब नाही, हातमागाची साडी या भावात येत नाही हे इंदूरच्या बाईला कुणी शिकवायला नको. पण लिंक ओळखीच्या वहिनींनी पाठवलेली. कार्डानं पैसे भरले. साडी आली नाही. मग त्यांनी इंटरनेटवर शोधून कंपनीचा म्हणून एक नंबर काढला आणि तिथे फोन लावला. "माताजी, चिंता मत कीजिए, अभी रिफंड करवाता हूँ," असं गोड बोलून समोरच्यानं कार्डाचा नंबर घेतला, मागचे तीन आकडे घेतले, शेवटी ओटीपीही घेतला. 799 परत यायचे राहिले, 38,400 गेले.

त्याच रात्री त्यांच्या लक्षात आलं. पण घरात कुणाला बोलल्या नाहीत. मागच्या जन्मीचं देणं असेल, फिटलं, असं मनाला समजावलं आणि जपाला बसल्या. कार्ड मात्र चालूच होतं. लेकीकडे दुबईला गेल्या तेव्हा कार्डावर परदेशी व्यवहार सुरू केले होते, ते कुणी बंद केले नव्हते. परदेशातल्या सगळ्याच वेबसाइट ओटीपी मागतात असं नाही. चौथ्या दिवशी आणि सहाव्या दिवशी आणखी दोन रकमा गेल्या. बँकेचे मेसेज आले, पण भीतीपोटी त्यांनी ते उघडलेच नाहीत. अकराव्या दिवशी मुलाच्या हाती पासबुक लागलं.

आता विचार करू या. ज्यानं मनापासून सोडून दिलं, त्याला मेसेज उघडायची भीती का वाटावी? पासबुक कुणी पाहील याची धास्ती का असावी? आम्हाला वाटतं, हा त्याग नव्हता, ही लाज होती. लाजेनं प्रारब्धाचं नाव घेतलं, एवढंच. आपल्यासारख्या भक्तिमार्गाच्या घरांत हे फार सहज होतं, कारण शब्द तयार असतात.

आणि शब्दाचा अर्थही नीट बघायला हवा. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग आपण सत्संगात ऐकत आलो आहोत. पहिले 38,400 प्रारब्ध म्हणा हवं तर. पण कार्ड बंद करायचं की नाही, हे त्या रात्री त्यांच्या हातात होतं. ते क्रियमाण. चौथ्या दिवशीची रक्कम प्रारब्धाच्या खात्यावर कशी टाकणार?

गंमत म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नियमातही असाच भेद केलेला आहे. 2017 च्या जुलैतल्या परिपत्रकात म्हटलं होतं, बँकेची चूक नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकानं कळवलं, तर त्याला काहीच तोशीस नाही. चार ते सात दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत भार त्याच्यावर. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. आणि ग्राहकानं स्वतःच पिन, ओटीपी देऊन टाकला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे ज्याची चूक आहे, त्याच्याही चुकीला हद्द आहे. बोलला त्या क्षणी ती संपते. आपल्या घरात मात्र चूक वर्षानुवर्षं उगाळली जाते.

"तुला कुणी सांगितलं होतं नसत्या भानगडी करायला?" हा आपल्याकडे पहिला प्रश्न. चोर राहतो बाजूला, आई उभी आरोपीच्या पिंजऱ्यात. त्या भगिनींच्या मुलानंही हेच विचारलं म्हणे. पुढच्या वेळी आई त्याला सांगेल का? मोह झाला होता, हे खरं, त्या स्वतःही कबूल करतात. पण 799 रुपयांचा मोह आणि म्हातारीला माताजी म्हणून लुटणं, ही दोन पापं एका तराजूत कशी घालायची?

म्हणून आधी कार्ड बंद करा, बँकेला कळवून तक्रारीचा नंबर घ्या आणि लगेच 1930 लावा. ही सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. पैसे चोराच्या खात्यातून पुढे गेले नसतील तर अडवता येतात, म्हणून इथे तासांचा हिशेब असतो. रागवायचं ते नंतर. तक्रार म्हणजे सूड नव्हे, तोच माणूस उद्या दुसऱ्या माताजींना फोन करणार आहे.

"मग काय सगळ्यांवर संशय घ्यायचा? मन गढूळ होतं हो," असं एका काकांचं म्हणणं. रात्री कडी लावतो तेव्हा आपण शेजाऱ्याला चोर म्हणत नाही. क्रेडिट कार्डात आधी बँकेचे पैसे अडकतात, डेबिट कार्डात थेट आपली पुंजी, म्हणून खरेदीसाठी वेगळं खातं ठेवून त्यात दोन-तीन हजारच ठेवावेत, असं आमचं मत. परदेशी व्यवहार, ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद-चालू करता येतात, लागेल तेव्हाच चालू करावेत. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह पाहून भुलू नये. मधल्या वाटेत माहिती कुणी वाचणार नाही, एवढंच ते सांगतं, दुकानदार प्रामाणिक आहे असं नाही. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावावा. आणि पैसे परत यायला ओटीपी लागत नाही, कधीच नाही.

राहिली गोष्ट त्या वहिनींची. त्यांनी लिंक चांगल्या मनानंच पुढे ढकलली, स्वतः काही घेतलं नव्हतं. पण साडी विकत घेतली गेली ती त्यांच्या नावावरच्या विश्वासावर. आपल्या ग्रुपमध्ये तर "जय गुरुदेव" लिहून खाली लिंक टाकली की कुणी शंकाही घेत नाही. तेव्हा यापुढे आपल्या कुठल्याही परिवार ग्रुपवर, मग तो बेळगावचा असो, बडोद्याचा की ग्वाल्हेरचा, खरेदीची लिंक टाकायची तर टाकणाऱ्यानं ती वस्तू तिथून स्वतः मागवलेली असावी आणि तसं लिहावं. नसेल तर ग्रुपप्रमुख ती काढून टाकतील, कुणी मनाला लावून घेऊ नये.