वाऱ्याचा गुण

समुद्रकाठच्या स्कॉटलंडात लोक गोल्फमध्ये इतके रमले, की धनुर्विद्येचा सराव मागे पडतो म्हणून १४५७ साली तिथल्या संसदेनं या खेळावर बंदी घातली. बंदी विरली, वेड टिकलं.

आपल्या नांदेड-लातूरला समुद्र नाही. पण खेळाचं तसंच वेड आहे, आषाढातला वारा आहे, आणि पहाटे मोकळ्या मैदानात बॅडमिंटन खेळणारी निवृत्त मंडळीही आहेत. मारलेलं फूल जाळीपर्यंत जातं अन् वाऱ्यासरशी माघारी फिरतं.

मग समोरचा खेळाडू ओरडतो, "गुरुजी, हा गुण तुमचा नाही, वाऱ्याचा!"

हे दोघं नोकरीत असते, तर यावर लेखी खुलासा मागवला असता. आता दोघं हसतात आणि बाजू बदलतात. आज तुमचाही एखादा बेत भलतीकडे भरकटला, तर चिडण्याआधी एकदा बाजू बदलून बघा.