टाळ्या वाजवल्यात, दार कोण उघडणार?

मोबाइल पिशवीत ठेवा आणि दार लावून घ्या. आज ठरलेला विषय होणार नाही. दर रविवारी बर्डीतल्या या वरच्या खोलीत तुम्ही जमता, देव आहे की नाही यावर तावातावाने बोलता आणि मी कोपऱ्यात बसून ऐकते. आज मी बोलणार आहे.

गेल्या महिन्यात तुमच्यातल्याच एका मुलीला तुम्ही माईक दिलात. लहानपणापासून मानत आले ते आता मला पटत नाही, एवढंच ती बोलली. आवाज कापत होता तिचा. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तिथवर ठीक होतं. पण तुमच्यातल्या एकाने ते बोलणं मोबाइलवर घेतलं आणि तिला न विचारता पुढे पाठवलं. दोन दिवसांत ते तिच्या काकांनी पाहिलं. कॉलेज बंद झालं, फोन काढून घेतला, फीचे पैसे थांबले, आणि पोरीच्या अंगात काय शिरलंय ते बघायला तिला एका बाबाकडे न्यायचं ठरलं. शेजारणीच्या फोनवरून तिने तुमच्यातल्या तिघांना फोन लावले. एकाने उचललाच नाही. दुसरा म्हणाला, परीक्षा झाली की बोलू. तिसऱ्याने तिला एका पुस्तकाचं नाव सांगितलं. आणि परवा आजी अत्यवस्थ झाली म्हणून ती घरच्यांबरोबर प्रार्थनेला बसली, तर तुमच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "पलटली!" त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

तिचं नाव, तिचा धर्म, तिची जात आज इथे कोणी उच्चारायची नाही. दार लावलेलं असलं तरी नाही. तिच्याविषयी बोलायचं की नाही हे फक्त ती ठरवेल, हा पहिला धडा. तो तुम्हाला वेळेवर आला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

तुम्हाला वाटतं, श्रद्धा उडणं म्हणजे एक मत बदलणं. वादात हरलो, मत बदललं, चहा प्यायला गेलो. पोरांनो, आपल्याकडे धर्म डोक्यात कमी आणि घरात जास्त असतो. तो आईने वाढलेल्या ताटात असतो, धाकट्या बहिणीच्या सोयरिकीत असतो, बाबांच्या दुकानाच्या गिऱ्हाइकीत असतो, मेल्यावर खांदा कोण देणार यात असतो. जिचा विश्वास उडतो तिची ही सगळी नाती एकेक करून ताणली जातात, आणि तेव्हा ती एकटी असते. वर आतली भीती जात नाही ती नाहीच. लहानपणी कानावर पडलेला कोप, शाप, नरक रात्री दोन वाजता उठवून बसवतो. बुद्धीला पटलेलं काळजाला पटायला कित्येक वर्षं लागतात. आजीच्या उशाशी हात जोडून बसली म्हणून ती खोटी ठरत नाही. तिला आजी हवी होती. तुमच्यातल्या कोणाला आजी नाही काय?

बर्डीत वाढलात ना? मग श्याम हॉटेल हे नाव ठाऊक असायला हवं. ऑक्टोबर १९५६ मध्ये बाबासाहेब आंबेडकर धम्मदीक्षेसाठी नागपुरात आले ते याच सीताबर्डीतल्या श्याम हॉटेलात उतरले. १३ तारखेच्या संध्याकाळी तिथेच पत्रकारांशी बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी पत्नी माईसाहेबांसह दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो माणसांना स्वतः दिली. १४ ऑक्टोबर तुम्हाला पाठ आहे, कारण त्या दीक्षेच्या स्मरणाला दर दसऱ्याला शहर माणसांनी भरून जातं. पण येवल्याची सभा १३ ऑक्टोबर १९३५ ची. हिंदू म्हणून मरणार नाही, हे त्यांनी तिथे जाहीर केलं आणि मध्ये एकवीस वर्षं जाऊ दिली. का? ज्याच्या शब्दावर लाखो माणसं उठली असती, त्या माणसाने एकवीस वर्षं का घेतली, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला नाही, कारण तुम्हाला फक्त सोडण्याचा क्षण आवडतो. ३१ मे १९३६ ला मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची तयारी समजावून सांगितली. माणसं किती, सामान किती, याचा अंदाज घेतल्याशिवाय नावाडी नाव सोडत नाही, या अर्थाचं ते बोलले. दीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत काय टाकायचं ते आहे, आणि पुढे कसं जगायचं तेही आहे.

इतकं करूनही किंमत चुकली नाही. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना मिळायला १९९० उजाडलं. पण शेजारचं घर त्याच वाटेवर होतं. लग्न लावायला माणूस होता, मयताला चार खांदे होते. लाखोंनी मिळून धर्म सोडला तर त्यांची वस्तीच सोबत येते. एकट्या मुलीने सोडला तर तिची वस्ती कोण? तुम्ही होतात. तिने तसंच धरलं होतं, म्हणून तर शेजारणीचा फोन मागून तिने तुमचे नंबर लावले.

एकटं पडल्यावर काय होतं ते पाहायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचा. पाठ्यपुस्तकातला उतारा वाचलात तेवढा पुरे नाही, अख्खं वाचा. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक याच नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबल दिलं. तिथून सुरू झालेली घालमेल फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्म्यापर्यंत पोहोचली. टिळकांच्या मागे मिशन होतं, कामही मिळालं. लक्ष्मीबाईंच्या मागे कोण होतं? पदरात मूल, नवरा जिवंत असून दूर, आणि नातेवाइकांच्या दारी दिवस काढणं. सुमारे पाच वर्षं ते दोघं वेगळे राहिले. धर्म सोडला म्हणून वारसाहक्क बुडणार नाही, असा कायदा इंग्रज सरकारने १८५० मध्येच केला होता. त्या कायद्याचा लक्ष्मीबाईंच्या रडण्याला काडीचा उपयोग झाला नाही. पुढे त्या नगरला गेल्या, तिथे आधी आपलं सोवळं सांभाळून राहिल्या, आपल्या गतीने बदलल्या आणि १९०० मध्ये स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. ती पाच वर्षं कोणी त्यांच्याशी वाद घालत बसायला नको होतं. जवळ बसायला माणूस हवं होतं.

आणि माणसं सोबत असली तर काय होतं तेही पाहा. हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. १९७७ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे धार्मिक विधी न करता दहन झालं. ती इच्छा पार पाडायला माणसं ठाम उभी राहिली म्हणून ते होऊ शकलं. तुमच्या मंडळातल्या एखाद्यासाठी तसं उभं राहण्याची तयारी आहे तुमची? आत्ता उत्तर देऊ नका. घरी जाऊन विचार करा.

बाहेरच्या जगात लोक या कामाला लागलेत. इस्राएलमध्ये कर्मठ ज्यू वस्त्या सोडून येणाऱ्या पोरांसाठी १९९१ पासून हिलेल नावाची संस्था आहे. न्यूयॉर्कमध्ये २००३ पासून फुटस्टेप्स आहे. तिथे कोणी देवाच्या अस्तित्वावर व्याख्यान देत नाही. तिथे येणाऱ्या कित्येकांना धड गणित आणि इंग्रजी शिकवलेलं नसतं. त्यांना शिकवतात, नोकरीचा अर्ज लिहायला बसवतात, मुलांच्या ताब्याचा खटला असेल तर वकील गाठून देतात. परत जायचं की पुढे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मला हे काम भाषणापेक्षा मोठं वाटतं.

आपल्याकडे अशा कामाची पाटी लावलेलं केंद्र शोधत बसू नका. पण लागतं ते बरंचसं सरकारदरबारी विखुरलेलं आहे, आणि तुम्हाला त्यातलं काहीही माहीत नाही, याचा मला जास्त राग आहे. वाद घालायला युरोपातले तत्त्ववेत्ते पाठ, आणि १४४१६ कशाचा नंबर ते ठाऊक नाही! टेली-मानस. मनाचा तोल जातोय असं वाटलं तर दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. १५१०० विधिसेवेचा. विधिसेवा कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १८१ महिलांचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात बायकोसारखीच मुलगीही येते. तिला राहत्या घरातून सहजासहजी बाहेर काढता येत नाही, आणि तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं.

त्या बाबाचं म्हणाल, तर भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा यावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर तो वटहुकमाने आला. इतक्या महाग पडलेल्या कायद्याचं नाव तुम्ही भाषणात घेता. शेजारणीच्या फोनवरून बोलणाऱ्या पोरीला तो का नाही सांगितलात? आणि घरचे तिला डॉक्टरकडे नेणार असतील तर घाबरून जाऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट आहे: समाजातल्या प्रचलित धार्मिक समजुती मानत नाही एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागातला डॉक्टर तिचं ऐकून घेईल. बाबापेक्षा तो शंभर पटीने बरा, आणि हे तिच्या आईला समजावून सांगता येतं.

तिला कागदावरून धर्म काढून टाकायचाय, असं तुमच्यातला एकजण उत्साहाने सांगत होता. थांबा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल दिला आहे की सरकार कोणावर धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही, आणि मला धर्म नाही असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. हक्क आहे म्हणून उद्याच प्रतिज्ञापत्र करायचं असं नाही. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, पुढे वारसा, लग्न यांवर काय परिणाम होईल ते वकिलाला विचारल्याशिवाय एकही सही करू द्यायची नाही. तुमच्या जोशाची किंमत तिने आयुष्यभर भरायची काय?

कोणीतरी मघाशी पुटपुटलं, की मग आम्ही बोलायचंच नाही का, मॅडम. बोला. मी तोंडं बंद करायला सांगत नाहीये. शंका घेणं हा तुमचा हक्क आहे, राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमातलं सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य न मानणाऱ्यालाही आहे. माझा राग वेगळा आहे. तुम्ही तिची शंका आपल्या विजयासारखी मिरवली. धर्मप्रचारक नवा माणूस मोजतात ना, तसंच तुम्ही मोजलंत. ती तुमची झाली म्हणून टाळ्या, आणि प्रार्थनेला बसली म्हणून शिवी. मग तुमच्यात आणि तिच्या काकांमध्ये फरक काय राहिला? काकांनी निदान तिचं जेवण तरी बंद केलं नाही.

आणि काकांना, आईबापांना राक्षस ठरवून मोकळे होऊ नका. तिची आई घाबरलेली आहे. पोरीचं लग्न कसं होईल, लोक काय म्हणतील, मेल्यावर पोर कुठे जाईल, या तिन्ही गोष्टींची तिची भीती खरी आहे. त्यांचं चुकलंच, पोरीचं शिक्षण तोडणं हा अन्यायच आहे, तो मी त्यांना तोंडावर सांगेन. पण आईच्या डोळ्यादेखत तिच्या देवाची टर उडवून त्या घराचं दार उघडणार नाही. मी उद्या जाणार आहे तिच्या घरी. धर्मावर एक शब्द बोलणार नाही. फक्त कॉलेज, फी आणि परीक्षा यांवर बोलेन, आणि आजीची चौकशी करेन. माझ्याबरोबर एकच मुलगी येईल, जिला तिची आई ओळखते ती.

बाकीच्यांनी ऐका. ती क्लिप ज्या-ज्या ग्रुपवर गेली तिथून आज रात्रीपर्यंत काढायची, आणि ज्याने टाकली त्याने प्रत्येक ठिकाणी स्वतः लिहून काढायला सांगायचं. ग्रुपवरचा तो शब्द ज्याने लिहिला त्याने तिची माफी मागायची. ग्रुपवर नाही, ती भेटायला तयार होईल तेव्हा, आणि नाही झाली तर गप्प बसायचं. दोघांनी उद्या न्यायालयातल्या विधिसेवा कार्यालयात जाऊन काय-काय कागद लागतात ते लिहून आणायचं. तिचं नाव न घेता. मुलींपैकी ज्यांच्या घरी एखादी रात्र कोणाला ठेवून घेता येईल त्यांनी आपल्या आयांना आजच विचारायचं, वेळ आल्यावर नाही. नोट्स कोण काढणार ते आत्ता ठरवा, तिचे तीन आठवडे बुडालेत.

फीची शेवटची तारीख शुक्रवार आहे. पैसे किती जमले ते गुरुवारी संध्याकाळी मला सांगा. कमी पडतील ते मी घालीन.