थवा बसलेला असू द्या

चैत्रातली दुपार आहे असं समजा. घरातली कामं आटोपली आहेत, बाहेर ऊन रखरखतं आहे. खिडकीजवळ बसा. पंखा बंद करता आला तर बरं, कारण आधी ऐकायचं आहे.

टुक्. टुक्. टुक्. हा तांबट. तांब्याचं भांडं कुणी दूरवर एका लयीत ठोकत बसावं, तसा त्याचा आवाज. तुम्ही तो कितीतरी उन्हाळे ऐकलेला आहे. त्याच्यासाठी उठून खिडकीपाशी गेला नसाल, एवढंच. आज त्याच्यासोबत बसा. ठोके मोजू नका. आवाज कधी डावीकडून येईल, कधी उजवीकडून, आणि पक्षी दोन आहेत असं वाटेल. बहुधा तो एकच असतो. एका जागी बसून मान वळवत राहतो आणि मानेबरोबर आवाजाची दिशा फिरते.

आता शोधा. दाट पानांत शोधत बसण्याआधी शेंड्याच्या उघड्या, वाळक्या फांद्या बघा. चिमणीहून किंचित मोठा, आखूड शेपटीचा, गुबगुबीत हिरवा पक्षी. गळा पिवळा, कपाळ लाल आणि छातीवरही लाल पट्टा. त्याची चोच बघा. मिटलेली आहे. आख्खी आळी ऐकेल एवढा आवाज, आणि चोच बंद! प्रत्येक ठोक्याला गळ्याची कातडी फुगते आणि आत जाते. दुर्बीण असेल तर घ्या. नसली तर थोडं जवळच्या फांदीवर तो येईपर्यंत थांबा. गळ्याचं ते फुगणं दिसेपर्यंत मात्र उठू नका.

मन मध्येच म्हणेल, तांबटच तर आहे, रोज असतो. मनाला जरा दम धरायला सांगा आणि एक प्रश्न स्वतःला विचारा : हा इथेच का राहतो? उत्तर आसपासच आहे. जवळ कुठे तरी वड असेल, पिंपळ किंवा उंबर असेल. तांबटाचं पोट त्या फळांवर चालतं. आणि एखादी मेलेली फांदी असेल. नर आणि मादी दोघं मिळून तिच्या खालच्या अंगाला चोचीने गोल भोक पाडतात आणि आत अंडी घालतात. हिरव्या फांदीत त्यांचं काम होत नाही, त्यांना वाळलेलं, मऊ पडलेलं लाकूड लागतं. आपल्या सोसायट्यांमध्ये मात्र वाळकी फांदी दिसली की ती सगळ्यात आधी तोडायची पद्धत आहे. खाली वाट असेल, गाड्या असतील तर तोडावीच लागते, ते मान्य. पण मागच्या कोपऱ्यातल्या, कुणाच्या डोक्यावर पडणार नाही अशा फांदीलाही आपण राहू देत नाही. तेवढ्याने त्या झाडावरचं एक घर जातं.

आता ऋतू बदलू. पाऊस लागला आहे, आणि तुम्ही अलिबागजवळ किहीमला आहात. साल १९३०. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली तेव्हा चौतिशीच्या आत होते आणि हाताला नोकरी नव्हती. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीवर आडोसा करून ते तासन्‌तास त्या घरट्यांसमोर बसत. तुम्हीही मनाने तिथे बसा. घाई सोडा, समोरचा पिवळ्या डोक्याचा नर काय करतो आहे तेवढंच बघा. तो गवताच्या पात्याला कडेने चोचीने खाच पाडतो, कड घट्ट धरतो आणि उडतो. उडण्याच्या झटक्यानेच लांब, अरुंद पट्टी फाटून त्याच्याबरोबर येते. मग ती पट्टी ओवायची, गाठ मारायची, ओढायची. घरटं अर्धं झालं की तो पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. एखादी येते, आत शिरून घरटं तपासते आणि बहुतेक वेळा निघून जाते. एखादीला ते पसंत पडलं, तरच तो उरलेलं विणकाम आणि खाली लोंबणारी नळी पूर्ण करतो. मादी अंड्यांवर बसली की शेजारीच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. पसंत न पडलेली अर्धी घरटी तशीच लटकत राहतात.

सुगरणीची घरटी आपल्याकडे कुणी पाहिली नव्हती? विहिरीवर झुकलेल्या बाभळीला ती सगळ्यांनीच पाहिलेली असतात. त्यांच्यासमोर पावसात महिनोन्‌महिने बसणारा माणूस विरळा. मला सालिम अलींचं ते शिडीवरचं बसणं त्यांच्या पुढच्या सगळ्या मोहिमांइतकंच मोठं वाटतं.

आता हिवाळा, आणि प्रवास. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण सोडून कुंभारगावच्या बाजूला उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी पसरलेलं आहे. अजून पुरतं उजाडलेलं नाही. नावेत बसा. नावाड्याला काही विचारू नका, कॅमेरा पिशवीतच असू द्या. थंडी बोटांना जाणवू द्या. समोर चिखलाच्या पट्टीवर करड्या रंगाचे हंस आहेत. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या. हे पट्टकादंब. रात्रभर शेतांतून चरून ते आता विसाव्याला आले आहेत. काहींची चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली आहे.

हे तिबेटच्या पठारावरून, मंगोलियाच्या तळ्यांवरून आले आहेत. वाटेत हिमालय ओलांडला आहे. अंगावर यंत्र लावलेला एक पट्टकादंब ७,२९० मीटर उंचीवर उडताना नोंदला गेला आहे. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही ऑक्सिजन धरून ठेवतं आणि उंचावरचा प्रवास ते बरेचदा रात्री किंवा पहाटे करतात, कारण गार हवा दाट असते आणि पंखांना आधार देते. हे सगळं आठवा, आणि मग पुन्हा त्या पिसांत खुपसलेल्या चोचीकडे बघा. त्यांना घाई नाही. वसंतात पुन्हा तोच पर्वत ओलांडायचा आहे, त्यासाठी लागणारी चरबी ते इथे, इंदापूरच्या शेतांत साठवतात.

आता नाव जवळ जाते आहे. एका हंसाची मान सरळ वर झाली. पाठोपाठ दुसऱ्याची. इथे थांबायचं. मान वर होणं हे त्यांचं सांगणं असतं आणि ते नावेतल्या प्रत्येकाला दिसतं. तरीही पुष्कळ नावा इथे थांबत नाहीत. नाव सरळ थव्यात घुसते, शेकडो पंख एकदम उघडतात, नावेत आनंदाचा आरडाओरडा होतो आणि पंख पसरलेल्या थव्याचा फोटो मिळतो. तो फोटो मला बघवत नाही. त्या एका उडवण्यात थव्याच्या विसाव्याचा वेळ जातो, साठवलेली चरबी जळते. दिवसभरात अशा किती नावा येतात याचा विचार करा.

नावाड्यांना दोष देऊ नका. पाणी, पक्षी आणि वारा त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळतात. बहुतेकदा पाहुण्यांना जे हवं असतं, तेच ते करतात. म्हणून बोलायचं ते आपणच. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, या दोन जन्मदिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो, आणि साधारण त्याच सुमारास हिवाळी पाहुणे पाण्यावर उतरू लागतात. तेव्हा किंवा पुढे कधीही भिगवणला, नांदूर मध्यमेश्वरला किंवा ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी बघायला गेलात, तर नावेत किंवा बांधावर पाय ठेवण्याआधीच सोबतच्या माणसाला सांगा : दादा, आम्हाला बसलेले पक्षी बघायचे आहेत, थवा उडवू नका.