प्रश्न संपल्यावर

एका प्रश्नासाठी जमलेली माणसे, तो प्रश्न संपल्यावर कोठे जावीत?

डिचोली तालुक्यातील लाटंबार्से गाव महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. अशा गावांना गोव्याच्या विलीनीकरणाचा वाद घरचाच होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणास १,३८,१७० व विरोधात १,७२,१९१ मते पडली. त्याबरोबर हरलेल्यांचा विषय संपला, तसा जिंकलेल्यांचाही. तरी त्याच मार्चच्या निवडणुकीत लोकांनी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच पुन्हा सत्तेवर बसविले. खेड्यांतील शाळा, कुळांचे हक्क ही कामे तर उरलीच होती!

वाचकहो, संपलेला विषय उगाळीत बसणारी संगत हळूहळू कडवट होते. म्हणून नवी संगत शोधताना “माझ्या मताचे कोण?” असे न विचारता “येथे कोणते काम पडून आहे?” असे आपण विचारावे. तेथे कालचा विरोधकही शेजारी बसलेला आढळेल. त्याला जागा करून देणे, हीच आपल्या प्रीतीची कसोटी होय. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना हे अवश्य शिकवावे, असे आम्हांस वाटते.