झाकण आणि खिडकी

मोटरसायकलच्या इंजिनाला एका अंगाला ताटलीएवढे गोल झाकण असते. ते क्लच कव्हर. काही हौशी लोक ते उतरवून त्याचा मधला भाग कापून घेतात, कडेचा बोल्टांचा पट्टा तेवढा ठेवतात आणि मोकळ्या जागी पारदर्शक प्लास्टिकची चकती बसवतात. इंजिन सुरू केले की आत फिरणारा क्लच बाहेरून दिसतो. त्याने गाडी जास्त पळत नाही, पेट्रोल कमी जळत नाही, गिअर हलका पडत नाही. मग झाकलेले असताना जे बिनतक्रार चालले होते, ते दिसू लागल्याने आपल्या हाती नेमके काय येते? प्रश्न गॅरेजमधला आहे, पण तो तिथेच थांबत नाही. कारभार पारदर्शक असावा, हॉटेलचे स्वयंपाकघर उघडे असावे, माणसाने मनात काही ठेवू नये, असे आपण रोज म्हणतो. दिसणे म्हणजेच कळणे, असे त्यामागे आपण धरून चाललेलो असतो. ते कितपत खरे आहे, हे या चकतीवर तपासून पाहता येईल.

आधी झाकणाची बाजू ऐकू. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच ओला असतो, म्हणजे इंजिनाच्याच ऑइलमध्ये भिजत फिरतो. घर्षणाच्या आणि पोलादाच्या प्लेटा एकाआड एक रचलेल्या आणि त्यांच्यावर स्प्रिंगांचा दाब, अशी ही रचना. लिव्हर दाबला की दाब सुटतो, प्लेटा विलग होतात आणि इंजिन फिरत असूनही मागचे चाक मोकळे राहते. कव्हर ऑइल आत ठेवते, धूळ बाहेर ठेवते, आवाज थोडा मुरवते आणि गाडी आडवी पडली तर पहिला मार खाते. तिथे ॲक्रिलिक लावावे तर ते साधारण 105 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, आणि तापलेल्या इंजिनातले ऑइल त्याच्या आसपास जाऊ शकते. पॉलिकार्बोनेट त्याहून बरीच उष्णता आणि मारही सोसते; पण त्यावर चरे लवकर पडतात, आणि बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून आट्यांना जो द्रव लावतात त्यानेही त्याला तडे जाऊ शकतात. चकती फुटली तर ऑइल टायरवर येते आणि रस्त्यावर सांडते. मागून येऊन त्यावर घसरणाऱ्याने ही खिडकी मागितलेली नसते. सुपरबाइकच्या जागतिक शर्यतींत तर ऑइल असलेल्या बाजूच्या कव्हरांवर आणखी एक संरक्षक कव्हर सक्तीचे आहे.

झाकण उघडेच बरे, असे म्हणणारी एक परंपराही आहे. इटलीतल्या बोलोन्या शहरात डुकाटीचा कारखाना आहे. 1994 साली आलेल्या त्यांच्या 916 या गाडीचा क्लच कोरडा होता, ऑइलबाहेर, हवेने थंड होणारा. तसल्या गाड्यांचे कितीतरी मालक मूळ कव्हर काढून मोठाली भोके असलेले कव्हर लावत. प्लेटांचा खडखडाट त्यांना हवाहवासा वाटे. त्याच शहरात 1637 सालचे, शरीरविच्छेदन दाखवण्यासाठी बांधलेले लाकडी प्रेक्षागृह आहे. मधे टेबल, भोवती चढत्या ओळींची आसने. अध्यापकाच्या खुर्चीवरचे छत दोन लाकडी पुतळ्यांनी तोलले आहे आणि त्या पुतळ्यांना कातडी नाही, सगळे स्नायू उघडे आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यात ही वास्तू कोसळली, तेव्हा ढिगाऱ्यातून तुकडे वेचून ती पुन्हा उभी केली गेली. कातडीखाली काय आहे ते पाहावे, ही माणसाची भूक इतकी जुनी आणि चिवट आहे. पण त्या प्रेक्षागृहात दोन गोष्टी होत्या ज्या क्लचच्या चकतीमागे नसतात. समोरचे शरीर थांबलेले होते, आणि काय दिसते आहे ते सांगणारा कोणीतरी हजर होता.

चालत्या क्लचकडे आता पाहा. इंजिन मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेते, तेव्हा क्लच पुष्कळ गाड्यांत साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने, म्हणजे सेकंदाला पंधरा-वीस वेळा फिरतो. डोळ्याला दिसते ती एक चकचकीत धूसर थाळी. क्लचचा खरा आजार म्हणजे घसरणे, आणि ते घडते प्लेटांच्या मधे, एकमेकींवर दाबून बसलेल्या पृष्ठभागांवर. तिथे नजर पोचत नाही. आजारी क्लच आणि ठणठणीत क्लच खिडकीतून जवळजवळ सारखेच दिसतात. मेकॅनिक मात्र चढावर एक फेरी मारून सांगतो, इंजिन ओरडतेय, गाडी ओढत नाही, जळका वास येतोय. इंजिन एवढे ओरडले तर गाडी किती पळायला हवी, याचे माप त्याच्याजवळ असते. खिडकीवाचून त्याचे काही अडत नाही.

गंमत म्हणजे कित्येक मोटरसायकलींना एक खिडकी कारखान्यातूनच बसवून येते. अंगठ्याएवढी, ऑइल पाहण्याची. तिच्यात कौतुकाने पाहावे असे काही नाही. तपकिरी द्रव आणि दोन खुणा, एक वरची, एक खालची. पाहायची रीतही ठरलेली. इंजिन थोडा वेळ चालवा, बंद करा, काही मिनिटे थांबा, गाडी सरळ उभी धरा, मग वाका आणि पाहा. त्या दोन खुणांमुळे, ज्याला इंजिनातले ओ की ठो कळत नाही तोही ठामपणे म्हणू शकतो, ऑइल कमी आहे. मोठ्या खिडकीसमोर आपण प्रेक्षक असतो. या छोट्या खिडकीसमोर आपल्याला जाब विचारता येतो.

सार्वजनिक कारभारात हा फरक राजस्थानात स्पष्ट दिसला. 1994च्या अखेरीपासून मजदूर किसान शक्ती संघटनेने तिथल्या गावांत जनसुनावण्या घेतल्या. सरकारी कामांची हजेरीपत्रके आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली. कागद तसे रुक्षच. पण ऐकणाऱ्यांना ठाऊक होते की यादीतला हा माणूस केव्हाच वारला, तो कामावर आलाच नव्हता, आणि पूर्ण म्हणून दाखवलेले काम अर्धवटच पडले आहे. खुणा लोकांच्या आठवणीत होत्या, कागद त्यांच्याशी ताडून पाहता आला. अशा प्रयत्नांतूनच पुढे 2005चा माहितीचा अधिकार कायदा आला. त्याच्या कलम 4 प्रमाणे कार्यालयांनी पुष्कळ माहिती आपणहून जाहीर करायची असते. पण शेकडो पानांच्या आकड्यांत ठरले किती होते आणि झाले किती हे शेजारी-शेजारी नसेल, तर ती माहिती चकतीमागच्या फिरत्या क्लचसारखी होते. सगळे उघडे दिसते आणि बोट कशावर ठेवावे ते कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, हौसेला उपयोग विचारणारे तुम्ही कोण? आक्षेप रास्त आहे. जे यंत्र वर्षानुवर्षे आपल्याला वाहून नेते, त्याच्याकडे आपण एरवी बिघडल्यावरच पाहतो. ते चालत असताना कौतुकाने पाहणे ही एक प्रकारची कृतज्ञताच आहे, आणि सिग्नलला शेजारी थांबलेल्या एखाद्या मुलाला त्या चकतीतून यंत्राची गोडी लागत असेल तर तेही थोडे नाही. चकती जाड घ्यावी, ओ-रिंग नीट बसवावी, तडे वरचेवर तपासावेत आणि खुशाल मिरवावी. फक्त ती दागिना आहे हे विसरू नये. ‘बघा, माझे सगळे उघडे आहे’ असे सांगून कोणी प्रश्न टाळत असेल, तर दागिना पुरावा म्हणून खपवला जातो आहे असे समजावे.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण झाकणाऱ्याच्या सोयीची आहे. तिचे उत्तर म्हणून मूठ नुसती उघडून भागत नाही. आत किती असायला हवे होते, तेही ठाऊक असावे लागते. म्हणून कारभाराची असो वा घरातल्या माणसाच्या मनाची, खिडकी मागणाऱ्याने आधी स्वतःशी ठरवावे, काय दिसले म्हणजे आपले समाधान होईल आणि कशाखाली गेले म्हणजे काळजी करायची. एवढे ठरले, तर अंगठ्याएवढी खिडकी पुरते. ते ठरले नसेल, तर पूर्ण झाकण काचेचे केले तरी आत काय चालले आहे ते कळायचे नाही.