शंकासमाधान : मोत्याचे हाल आणि आपलं पाप-पुण्य

शंका : आम्ही दिल्लीत हिंदूराव दवाखान्याजवळ, मलकागंजमध्ये राहतो. आमचा कुत्रा मोत्या तेरा वर्षांचा आहे. त्याच्या किडन्या निकामी होत आल्या आहेत. सलाईन लावलं की दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा उलट्या. आता डॉक्टरच म्हणाले, इंजेक्शन देऊन झोपवण्याचा विचार करा. सासूबाई म्हणतात, ''धर्मराजाने स्वर्गाच्या दारातही कुत्र्याला सोडलं नाही आणि तुम्ही त्याला मारायला निघालात? त्याचं प्रारब्ध त्याला भोगू द्या.'' हे पाप आहे का?

समाधान : ताई, आधी रोगाचं बघू. अर्धवट माहितीवर घेतलेला निर्णय पुढे फार सलतो. किडनीचा बिघाड जुना आहे की अचानक झाला, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. गोचीडताप किंवा लेप्टोस्पायरोसिसमुळे किडनीला मार बसला असेल, तर वेळेवर उपचार झाल्यास कुत्रा सावरू शकतो. जुना रोग मात्र उलटत नाही. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम थांबलेलं असतं. तिथे सलाईन रोग बरा करत नाही, दिवस मिळवून देतं. पण तेही थोडं नाही. कातडीखालून द्यायचं सलाईन घरी देता येतं, डॉक्टर शिकवतात. त्याला उलटी थांबवणारं औषध आणि फॉस्फरस कमी असलेलं खाणं यांची जोड दिली, तर काही कुत्री बरेच महिने समाधानाने काढतात. एक मात्र सांभाळा. तो कण्हतो म्हणून घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कधीही देऊ नका. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक अशी औषधं उरलीसुरली किडनीही घालवतात.

आता प्रारब्ध. घरातल्या आजारी माणसाला प्रारब्ध म्हणून आपण औषधावाचून ठेवत नाही. भोग भोगूच द्यायचा असेल, तर मोत्याला पहिलं सलाईन लावलं तेव्हाच आपण आड आलो. दुसऱ्या जिवाच्या कर्माचा हिशेब आपल्याला दिसत नाही. आपल्या हाती असतं ते आपलं कृत्य आणि त्यामागचा हेतू.

याच प्रश्नाने 1928 साली साबरमती आश्रम हादरला होता. एक वासरू असह्य वेदनांत पडलं होतं आणि उपाय खुंटले होते. गांधीजींनी डॉक्टरांकडून त्याला इंजेक्शन देववलं आणि हे कृत्य अहिंसाच आहे, असं जाहीरपणे लिहिलं. संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला, तरी ते मागे हटले नाहीत. मला त्यांचं म्हणणं पटतं. आपल्या 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही, ज्याला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरेल अशा प्राण्याचा अंत करण्याला जागा ठेवली आहे.

तरीही हेतू स्वतःशी तपासावा लागतो. रात्रीची जागरणं सोसवत नाहीत म्हणून घाई करणं चूक. आणि तो नसेल हे सोसवत नाही म्हणून त्याला सुया टोचत ठेवणं, हेही माझ्या मते तितकंच चूक, फक्त ते प्रेमासारखं दिसतं. म्हणून मोत्याकडे बघा. तो आपण होऊन खातो का? उठून बाहेर जातो, की जागीच लघवी होते आणि मान फिरवून तो ती चाटत पडतो? न्हाणीघराच्या गार फरशीवर तोंड टेकून पडलेला असताना तुमच्या हाकेला शेपूट हलतं का? कॅलेंडरवर रोज चांगला दिवस की वाईट, एवढी खूण करा. वाईट दिवस जास्त होऊ लागले की उत्तर तुम्हालाच दिसेल.

तो दिवस आला, तर काय होतं ते आधीच माहीत असू द्या. पहिल्या इंजेक्शनने गुंगी येते. पुढच्या पायावरचे थोडे केस काढून शिरेत सुई बसवतात आणि भुलीचं औषध जादा प्रमाणात देतात. काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, नंतर कधीकधी एखादा श्वास घेतल्यासारखं अंग हलतं. त्यात त्याला वेदना नसते. पण हे ठाऊक नसलेली माणसं वर्षानुवर्षं मनाला लावून घेतात.

सासूबाईंना सांगा, धर्मराजाचा दाखला त्यांनी योग्यच दिला. कुत्र्याला टाकून एकट्याने पुढे जायचं त्याने नाकारलं. तेवढं तुम्हीही पाळा. पट्टा कंपाउंडरच्या हाती देऊन बाहेरच्या बाकावर बसू नका. मोत्याचं डोकं तुमच्याच मांडीवर असू द्या.

शंका : हिंदूराव दवाखान्याच्या फाटकाबाहेर रुग्णांचे नातेवाईक फुटपाथवर झोपलेले असतात. त्यांच्यासमोरून कुत्र्याला रिक्षाने डॉक्टरकडे नेताना लाज वाटते. एवढा खर्च योग्य आहे का?

समाधान : ही लाज तुमच्या भलेपणाची आहे. तिला दाबू नका, पण तिचा राग मोत्यावर काढू नका. त्याला तेरा वर्षं अन्नासाठी तुमच्यावर अवलंबून तुम्हीच ठेवलंत, ते ऋण आहे.

तुमच्या दवाखान्याला ज्यांचं नाव मिळालं ते हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटग्यांपैकी, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. इथेच असलेल्या त्यांच्या वाड्याजवळ, रिजवर फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणलेला अशोकस्तंभ उभा आहे. त्याच अशोकाने गिरनारच्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा एका दमात सांगितली आहे, दोघांसाठी औषधी वनस्पती लावल्याचंही नोंदवलं आहे. एकाचं काढून दुसऱ्याला द्यावं, असं त्याला वाटलं नाही.

पण मर्यादा हवी. कर्ज काढून, मुलांची फी थांबवून उपचार करू नयेत. महिन्याला किती झेपेल तो आकडा आधी ठरवा आणि डॉक्टरांना न लाजता सांगा. समजूतदार डॉक्टर त्यात बसेल असा मार्ग काढतात. आणि जमेल तेव्हा फाटकाबाहेरच्यांना चार डबे नेऊन द्या. मोत्याचं औषध बंद केल्याने त्यांच्या पोटात काही जाणार नाही.

शंका : तो गेल्यावर सुतक पाळायचं का? मुलांना काय सांगावं?

समाधान : सुतक सपिंडांचं, म्हणजे रक्ताच्या नात्यातल्यांचं असतं, इथे ते लागत नाही. देवापुढे दिवा लावायचा असेल, त्याच्या नावाने भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल, तर खुशाल करा. मुलांना ''गावाला पाठवलं'' असं सांगू नका, ती वाट बघत राहतात. ''झोपवलं'' हा शब्दही लहानांपुढे टाळा, त्यांना रात्री झोपायची भीती वाटते. तो मेला, त्याला फार दुखत होतं, असंच सांगा. आणि उरलेली, न फोडलेली सलाईन आणि औषधं डॉक्टरांकडे परत द्या. दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला ती लागतील.