एकादशीची गोळी

आजींनी कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. साखरेच्या दोन गोळ्या, रक्तदाबाच्या दोन, कोलेस्टेरॉलची एक. शिवाय हाडांची, गुडघ्यांची, पित्ताची. वय 78. सून म्हणाली, "डॉक्टर, एकादशीला दुपारी यांना दरदरून घाम फुटला. बोलणं अडखळायला लागलं. साखरपाणी दिलं तेव्हा कुठे सावरल्या." सकाळी साखर कमी करणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती, पोटात मात्र काहीच नव्हतं.

त्या गोळ्या मीच लिहून दिल्या होत्या, उपचारांच्या एकूण एक गाइडलाइनला धरून. तेच मला रात्रभर टोचत राहिलं.

2005 साली अमेरिकेत सिंथिया बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच माणसाला सगळ्या गाइडलाइन लावल्या तर काय होतं, हा हिशोब कागदावर मांडला होता. पाच आजार असलेली 79 वर्षांची एक काल्पनिक बाई घेतली आणि प्रत्येक आजाराची गाइडलाइन तिला लावून पाहिली. 12 औषधं झाली, आणि एका आजारावरचा उपाय दुसऱ्या आजाराच्या मुळावर येण्याची भीती उरलीच. पुढे 2008 मध्ये 'अ‍ॅकॉर्ड' या मधुमेहाच्या चाचणीत एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) 6 च्या खाली आणण्यासाठी कसून उपचार केलेल्या गटात मृत्यू जास्त दिसले, म्हणून ते उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले.

गाइडलाइन बाजूला ठेवा, असं मी मुळीच म्हणणार नाही. साध्या सर्दीला अँटिबायोटिक लिहिणारा हात तीच आवरते, आणि 'माझा अनुभव' हे शब्द पुष्कळदा जुन्या सवयीचंच नाव असतं. थकलेल्या, अनेक आजारांच्या वृद्धांना एचबीएवनसीत 8 पर्यंत मोकळीक द्या, हेही मधुमेहाच्या गाइडलाइनमध्येच लिहिलेलं आहे. माझ्या लक्षात फक्त 7 चा आकडा राहिला होता. गाइडलाइन मोडली तर आपण कारण लिहितो. पाळली तर ती या माणसासाठी का पाळली, हे स्वतःला विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

"आजी, उपास सोडाल का?"

"चाळीस वर्षांचा आहे हो. नाही सोडवत."

मी ग्लिमेपिराइड बंद केली, मेटफॉर्मिन ठेवली. केसपेपरवर लिहिलं: लक्ष्य 8, वय, एकादशी, साखर उतरल्याचा प्रसंग. मग तेच सुनेला आणि आजींना वाचून दाखवलं.

तुमच्या घरी कुणी साखरेच्या गोळ्या घेत असेल, तर पुढच्या खेपेला सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांकडे न्या. उपास कधी असतात, तेही न विचारता सांगा.